मल्हारीचा राहिलेला उखाणा

मल्हारीच्या वर्षश्राद्धाला मी चार शब्द बोलावेत असं ठरलं तेव्हा मी तिथे नव्हतो. असतो तर ठरू दिलं नसतं. त्याच्या मुलाने, सूरजने, ऐन वेळी माईक माझ्या हातात दिला. मी "मल्हारी" एवढंच म्हणालो, तेवढ्यात माईकला खरखर सुरू झाली, म्हणून मी खाली बसलो. खरखर माईकची नव्हती, माझ्या घशातली होती, असं नंतर लोकांनी सांगितलं.

म्हणून आता लिहून काढतो आहे. लिहायची मला सवय नाही. जन्मभर एसटीत कंडक्टर होतो, आणि तोही असा की "सुटे द्या" म्हणायला मला संकोच वाटायचा. शिवाय मल्हारीबद्दल लिहायचं म्हणजे त्याच्या बायकोबद्दल, तानुवैनींबद्दल, निम्मं लिहावं लागणार. आणि त्या हे मुलीकडून वाचून घेणार. त्यांना राग आला तर माझा चहा बंद होईल. तरी लिहितो, कारण मल्हारीने मरायच्या आधी माझ्यावर एक काम टाकलं होतं, आणि ते झालं की नाही हे मला कुणाला तरी सांगायला पाहिजे.

आमची वस्ती कवठे महांकाळहून जतकडे जाणाऱ्या रस्त्याला. मल्हारीच्या घरी मेंढरं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून ते पश्चिमेला, इस्लामपूरच्या बाजूला जायचे. तिकडच्या ऊसवाल्यांच्या रानात मेंढरं बसवायची. खत त्यांना, ज्वारी यांना. मल्हारी अंगाने काटक, पण आवाज असा की तो बांधावर उभा राहून कुजबुजला तरी ओढ्यापलीकडच्या माणसाने "व्हय व्हय" म्हणावं. आणि एक शीळ. मेंढरांना, कुत्र्याला, घोड्याला आणि बायकोला त्याची एकच शीळ होती. एकदा इस्लामपूरच्या बाजारात त्याने ती घातली, तर कुत्रं आलं, तानुवैनी आल्या आणि दुसऱ्या कुणाचा तरी एक एडका दावं तोडून आला. एडक्याचा मालक भांडायला लागला. मल्हारी म्हणाला, "पावणं, माझी बायको आली म्हणून मी भांडलो का?"

असा माणूस. त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती आणि ती मिळाली नाही. तानुवैनींच्या तोंडून स्वतःचं नाव.

आमच्याकडे बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत हे खरं. पण लग्नात, हळदीकुंकवात, उखाण्यात तरी घेतात. तानुवैनींनी तेवढंही घेतलं नाही, आणि त्यात त्यांची पूर्ण चूक नाही. मी स्वतः तिथे उभा होतो. लग्न लागून वरात दारात आली होती. करवल्यांनी नवरीला उंबऱ्यात अडवलं. "नाव घे मगच आत!" नवरी एवढीशी, डोक्यावर पदर, पदरावर अक्षता. मग ती बारीक आवाजात म्हणाली,

"काळ्या घोंगड्याला पांढरी कड,
उंबऱ्यात हुबं राहून पाय झालं जड..."

सगळ्यांनी "वा" केलं. आता नाव. मल्हारीने मान पुढे काढली. नवरीने नावातल्या पहिल्या अक्षरासाठी ओठ मिटले, आणि तेवढ्यात मांडवामागून कुणीतरी ओरडलं, "मेंढरं शाळूत घुसली!"

झालं. नवरदेव मुंडावळ्यांसकट पळाला. त्याच्यामागे वऱ्हाड, करवल्या, वाजंत्री. आम्ही मेंढरं हुसकून, शाळूच्या मालकाच्या शिव्या खाऊन परत आलो, तोवर नवरी आत जाऊन चूल पेटवून बसली होती. तिला अडवायला उंबऱ्यात कुणीच उरलं नव्हतं.

"अगं पर नाव?" मल्हारी म्हणाला.

"आत आले की आता," ती म्हणाली.

तेव्हापासून मल्हारी म्हणायचा, माझा उखाणा अर्धाच राहिलाय. पहिल्या अक्षराला मिटलेलं तोंड तिनं अजून उघडलं न्हाई. तोंड तसं पुष्कळ उघडायचं. ते त्याच्याशी भांडताना उघडलं की आम्ही आमच्या दारात उभे राहून ऐकायचो. पण भांडणातसुद्धा "मंगलीचं बा" यापुढे गाडी गेली नाही. मंगल ही थोरली मुलगी. मंगल जन्मायच्या आधी त्या काय म्हणायच्या? नुसतं "आवं."

या "आवं"चा एकदा फार घोटाळा झाला. मी कवठ्याच्या स्टँडवर जतची गाडी घेऊन उभा होतो. मल्हारी "च्या घिऊन आलो" म्हणून उतरला. गाडीची वेळ झाली, ड्रायव्हरने हॉर्न दिला. मला घाई करता येत नाही आणि ड्रायव्हरला थांबता येत नाही, असं आमचं जोडपं होतं. तानुवैनींनी खिडकीतून डोकं काढून जीव खाऊन हाक मारली, "आवंऽऽ!"

स्टँडवर जेवढे म्हणून नवरे होते ते सगळे वळले. एक म्हातारा तर काठी टेकत गाडीत येऊन बसला. त्याला विट्याला जायचं होतं. वळला नाही तो एकटा मल्हारी. तो कँटीनमध्ये भजी खात होता. शेवटी त्यांनी मला सांगितलं, "भावजी, तुमीच हाक मारा की." मी चारचौघांत ओरडणार म्हणजे कसा! मी कँटीनपर्यंत चालत गेलो आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

"कोण वरडत हुतं?" त्याने विचारलं.

"तुझी बायको."

"काय म्हणून?"

"आवं म्हणून."

"मग मला कसं कळणार, मला म्हणती म्हणून?" असं म्हणून त्याने राहिलेली भजी संपवली. नावाने हाक मारली असती तर भजी टाकून आलो असतो, असं त्याने गाडीत बसल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. तानुवैनींनी खिडकीबाहेर बघितलं.

यावर त्याने एक डाव टाकला. साताऱ्याकडच्या पालीच्या खंडोबाच्या यात्रेला तो बायकोला घेऊन गेला. मलाही नेलं, साक्षीला. तिथे भंडारा उधळून सगळं जग "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणतं. देवाचं नाव आहे, त्याला काही नवऱ्याचं नाव म्हणता येत नाही. मल्हारी तिच्या शेजारी कानामागे हात धरून उभा राहिला. पालखी आली, भंडाऱ्याने सगळं पिवळं झालं, गजर उठला. तानुवैनींनी दोन्ही हात वर केले. "येळकोट येळकोट, जय..." इथे त्या अडकल्या. देवाला अर्ध्यात सोडणंही बरं नव्हे. मग डोळे मिटून त्यांनी दणकून म्हटलं, "जय मंगलीचं बा!"

आमच्या मागे कुठल्या तरी लांबच्या गावाची माणसं होती. त्यांना वाटलं, इकडच्या मुलखात देवाला असंही म्हणत असतील. त्यांनीही हात वर केले. "येळकोट येळकोट, जय मंगलीचं बा!" मग त्यांच्या मागच्यांनी. देवळाच्या पायऱ्यांपर्यंत ते गेलं. मल्हारी भंडाऱ्यात न्हालेला, तोंड उघडं टाकून उभा. परतताना गाडीत म्हणाला, "हरिबा, एवढ्या लोकांनी माझा जयजयकार केला, आन् नाव एकानंबी घेतलं न्हाई."

पुढे मेंढरं कमी झाली, कॅनॉलचं पाणी आलं, मल्हारीने द्राक्षं लावली. मंगलचं लग्न होऊन ती कराडला गेली. सूरज मोठा झाला. मी रिटायर झालो. एसटीच्या इंजिनाने माझा डावा कान पार गेला आणि उजवा जायच्या वाटेवर. पण त्याचं मला नोकरीत कधी अडलं नाही, कारण मी फार पूर्वीपासून लोकांच्या ओठांकडे बघूनच तिकिटं फाडायचो. मिरज म्हणताना ओठ सुरुवातीलाच मिटतात. जत म्हणताना मिटत नाहीत. इस्लामपूर म्हणताना मधेच मिटतात. बायका तोंडाला पदर लावून बोलल्या की मात्र पंचाईत व्हायची. मल्हारीला माझी ही खोड माहीत होती. तो लांब बांधावर उभा राहून आवाज न काढता मला शिव्या द्यायचा आणि मी इकडून त्या उलट द्यायचो. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारे जांभया देतायत.

एकदा त्याच्या पोटात दुखायला लागलं म्हणून मिरजेच्या दवाखान्यात नेला. अपेंडिक्स निघालं. मी मागून दुसऱ्या गाडीने गेलो. खिडकीवर विचारलं, मल्हारी म्हणून पेशंट? बाईने बघितलं आणि म्हणाली, "असा पेशंट इथे नाही." मी बाकावर बसलो. माझ्या हातात त्याच्यासाठी आणलेली दशम्यांची पिशवी होती. 'नाही' याचा अर्थ मला एकच सुचत होता. परत विचारायचं धाडस होईना. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून शीळ आली. मी जिना असा चढलो की तिथल्या नर्सने मलाच व्हीलचेअर विचारली.

झालं होतं असं. नाव लिहिताना सूरज गाडी लावायला गेला होता आणि खिडकीशी तानुवैनी एकट्या.

"पेशंटचं नाव?"

"जेजुरीच्या देवाचं हाय त्येच."

"खंडोबा?"

"त्येच, पर दुसरं."

"खंडेराव?"

"आवं, तसं न्हाई. त्येच, पर अजून येगळं."

"मार्तंड?"

मागची रांग ओरडायला लागली. बाईने 'खंडेराव' लिहिलं आणि "पुढचे" म्हणाली. तानुवैनींना वाटलं, देव तर तोच आहे, चालतंय. मग वॉर्डात सगळे त्याला खंडूआप्पा म्हणायला लागले. डॉक्टर येऊन "काय खंडेराव, गॅस सरला का?" विचारायचे. सूरज दुरुस्ती करायला निघाला तर मल्हारीने त्याचा हात धरला. "राहू दे रं. उभ्या जन्मात नाव घेतलं न्हाई तिनं, पर म्हातारपणी माझं बारसं केलं." आणि टाके दुखेपर्यंत हसला. तानुवैनी भिंतीकडे तोंड करून हसत होत्या. त्यांची पाठ हलत होती, त्यावरून मला कळलं.

गेल्या वर्षीच्या मार्गशीर्षात, जायच्या आदल्या आठवड्यात, तो आणि मी त्याच्या लिंबाखाली बसलो होतो. तो थोडा दमल्यासारखा दिसत होता. म्हणाला, "हरिबा, मी मेल्यावर तरी म्हातारी नाव घील का रं?"

"मेल्यावर घेतलं तर तुला कुठलं ऐकायला येतंय?" मी म्हणालो.

"तू ऐक की मग."

"मला जित्या माणसाचं ऐकू येत न्हाई."

"मग बघ. बघून ठिव, आन् आल्यावर मला सांग."

"आल्यावर म्हंजे? कुठं?"

"यीशील की मागनं. तुझी गाडी कवा टायमात सुटली हाय?"

पुढच्या आठवड्यात एका दुपारी भाकरी खाऊन तो जरा लवंडला तो उठला नाही. तानुवैनींनी त्याला "आवं, आवं" करून हलवलं. मी तेव्हा पळत गेलो होतो. त्यांच्या त्या हाकेबद्दल मला लिहिता येणार नाही.

वर्ष गेलं. आणि वर्षश्राद्ध झाल्यावर पंधरवड्याने सूरजच्या बायकोला, प्रांजलला, मुलगा झाला. प्रांजल इस्लामपूरची, शिकलेली, बोलायला गोड. मला वाटलं होतं, ती काहीतरी मला उच्चारता न येणारं नाव ठेवेल. तर तीच म्हणाली, "बाबांचंच ठेवायचं. मल्हार." तिच्या माहेरची माणसं म्हणाली, किती मॉडर्न नाव आहे! याच नावावरून त्याच इस्लामपूरच्या बाजारात लोकांनी मल्हारीला "ए खंडोबाच्या घोड्या" म्हणून चिडवलं होतं. तो असता तर ही बातमी त्याने ओढ्यापलीकडे कुजबुजली असती.

सगळे खूश. तानुवैनी सोडून.

"त्ये नाव ठेवू नगा," त्या म्हणाल्या.

सूरज चकित झाला. "का गं आई? बाबांचं नाव घरात राहील की."

"घरात राहील. माझ्या तोंडात कसं राहील? पोरगं उद्या रांगाय लागंल, शेततळ्याकडं निघंल. मी हाक काय मारू? आवं म्हणू?"

"दुसऱ्या नावानं हाक मार."

"मग ठेवायचं कशाला, ज्या नावानं हाकबी मारायची न्हाई?" एवढं बोलून त्या चुलीकडे गेल्या. मी चहाची वाट बघत तिथेच होतो. चहा देताना त्या मला हळूच म्हणाल्या, "भावजी, त्येंचं नाव पोरानं घ्यावं असं मलाबी लय वाटतंय. पर घरात समदी त्येला त्या नावानं बोलावणार आन् मी एकटी मुकी. ह्ये गेलं तवा मुकीच हुते. आता पुन्यांदा?"

मी चहात साखर जास्त झाली आहे असं म्हणालो. झाली नव्हती.

बारशाच्या दिवसापर्यंत नाव ठरलं नव्हतं. सूरज म्हणाला, आत्याचा मान आहे, मंगलताई ठरवेल. कराडहून मंगल आली. पाळणा सजवला, बाया जमल्या, पाळणा म्हणून झाला. पुरुषांनी बाहेर बसायचं असतं, पण मी दाराच्या चौकटीत, उजवा कान आत करून उभा होतो. मला काम होतं.

मंगल पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात "कुर्रर्र" म्हणाली. बायांनी तिच्या पाठीत धपाटे घालायला हात उचलले. आणि मंगल तिथेच थांबली. बाळाने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं, ते म्हणे अगदी मल्हारीसारखं, कुठलं तरी मेंढरू हरवल्यासारखं. मंगलला रडू आलं. तिने डोळे पुसले, पुन्हा वाकली, पुन्हा रडू. मग तिने वळून भिंतीशी बसलेल्या आईकडे बघितलं.

"आई, तू सांग त्याच्या कानात."

"मी?"

शेजारच्या सुलाबाई लगेच म्हणाल्या, "आगं मंगले, कपाळ मोकळं हाय तिचं. आन् मान आत्याचा हाय."

"मान माझा हाय ना, काकी? मग मी कुणालाबी दीन. नाव काय सांगायचं ते तिचं ती ठरवंल. कानात सांगायचंय, तुमाला कुठं ऐकाय जाणार हाय?"

सुलाबाई पदर खोचून धपाट्यासाठी पुढे सरकल्या.

तानुवैनी उठल्या. पाळण्याशी आल्या. बाळाकडे बराच वेळ बघत राहिल्या. सगळ्यांना, प्रांजलपासून सुलाबाईंपर्यंत, तेच ऐकायचं होतं, आणि ऐकू येणार नव्हतं हेही माहीत होतं. त्या वाकल्या. मी चौकट सोडून एक पाऊल आत टाकलं. कुणी मला हटकलं नाही. खरं तर एवढ्या बायकांत शिरताना माझे कान तापले होते, पण मला उशीर करून चालणार नव्हतं. ही गाडी परत येणारी नव्हती.

त्यांनी तोंडाला पदर लावला. मी मनात म्हटलं, संपलं. आणि बाळाने हात हलवून तो पदर मुठीत धरला आणि खाली ओढला.

ओठ मिटले.

आता "मंगलीचं बा" म्हणतानाही ओठ आधी मिटतात, हे मला माहीत होतं. पण ते शेवटी पुन्हा मिटतात. मी श्वास धरून बघत राहिलो. मिटलेले ओठ उघडले, तोंड मोठं झालं, मग हसताना होतं तसं रुंद झालं, आणि तसंच राहिलं. पुन्हा मिटलं नाही.

सुलाबाईंनी पाठीत धपाटा घातला तो मात्र मनापासून घातला.

"काय ठेवलं गं? सांग की!" बाया ओरडल्या.

"त्येला सांगितलंय, त्येला इचारा," तानुवैनी म्हणाल्या आणि पदर सोडवून घ्यायला लागल्या. बाळ सोडेना. ओढाओढीत ते रडायला लागलं, आणि आवाज असा फुटला की ओसरीवरचं कुत्रं उठून आत आलं. तानुवैनींनी त्याला उचललं, खांद्यावर घेतलं, थोपटायला लागल्या.

"आवं, गप बसा की," त्या म्हणाल्या. "आवं, किती वरडताय?"

बारा दिवसांच्या पोराला अहोजाहो ऐकून बाया पोट धरून हसल्या. प्रांजल हसली, मंगल रडत रडत हसली. घुगऱ्या वाटताना सूरजने येऊन विचारलं, "काका, तुमी जवळ हुता. काय नाव सांगितलं ओ आईनं?"

मी म्हणालो, "मला कुठलं ऐकू येतंय?"

ते खरंच होतं. आणि बाकीचं मला आधी मल्हारीला सांगायचं होतं. पण माझी गाडी नेहमीसारखी उशिरा सुटणार असं दिसतंय. डॉक्टर म्हणतात प्रकृती ठणठणीत आहे. म्हणून इथे लिहून ठेवलं. कानातलं नाव कुणाला कळलं नाही, तरी पोराला आता घरात सगळे मल्हार म्हणतात, आजी सोडून. आजीने "आवं" अशी हाक मारली की ते अजून मान धरत नाही, तरी डोळे फिरवतं. थोरल्या मल्हारीने निदान आधी भजी संपवली असती.